राणीसाहेबांची कंबर धरली त्याची हकिकत

श्रीकटिस्वामिनीस वाकून नमन करावे, परंतु वाकवत नाही, सबब उभ्यानेच रामराम. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, दुपारची वामकुक्षी चालू, अवघे राज्य सामसूम, ऐसे असता मुदपाकखान्यात ठण्ण ऐसा नाद जाहला. मिसळणाच्या डब्याचे झाकण पडले. राणीसाहेब डावे कडेवर कन्यारत्न गार्गीबाईंस घेऊन, उजवे हाते चहा ढवळीत होत्या. गार्गीबाईंचे वय साडेतीन, वजन भरल्या दळणाच्या डब्याएवढे, परंतु जमिनीस पाय लावणे त्यांस मान्य नव्हते. राणीसाहेब तैशाच अर्ध्या वळून झाकणास वाकल्या आणि कंबर धरली. न वर येववे, न खाली जाववे, ओट्यासमोर काटकोन होऊन राहिल्या. मग गार्गीबाई घसरोन उतरल्या, झाकण उचलोन दिले, आणि कडेवर घे म्हणोन पुन्हा हात वर केले. राणीसाहेबांस उचलवेना. ऐसे कधी जाहले नव्हते.

मग दरबार भरला. राजांच्या मातोश्री थोरल्या बाईसाहेब, त्यांनी निवाडा दिला की बाळंतपणी सव्वा महिना ही धड निजली नाही, शेक चुकविला, कंबर बांधू दिली नाही, तेव्हा शिरलेला वारा आता कंबरेत फिरतो आहे. राजांनी गादीवर खापर फोडिले आणि कंबरेची मोठी तसबीर यंत्रात काढावी म्हणाले, कारण यंत्र आले की त्यांस विचार करावा लागत नसे. अखेर मातोश्रींचा हुकूम सुटला की राहिलेला सव्वा महिना आता भरून घ्यावा. मग माळ्यावरून बाज उतरली, खाली शेगडी आली, ओव्याची धुरी निघाली, जुने लुगडे कंबरेस ऐसे आवळले की श्वासाने कोणत्या वाटेने जावे हा प्रश्न पडला, आणि डिंकाचे लाडू सुरू जाहले, ते निम्मे राजांनीच फस्त केले. गार्गीबाईंस बाजेवर चढण्याची मनाई जाहली.

धुरीचा वास शेजारमुलुखी गेला आणि कुमुदवहिनी झबले-टोपडे घेऊन दाखल जाहल्या. बाज पाहिली, शेगडी पाहिली, आणि आम्हांस कळविले कसे नाही म्हणोन रुसल्या, मग मुलगा की मुलगी ऐसे पुसले. थोरल्या बाईसाहेब गंभीरपणे म्हणाल्या, "वारा." वहिनी काय समजल्या देव जाणे, परंतु टोपडे ठेवून गेल्या.

हे सर्व गार्गीबाईंनी ऐकिले. बाजेखाली पाहिले, कपाटात पाहिले, नवे बाळ कोठे सापडेना. मग ते टोपडे स्वतःच घातले, ते डोक्याच्या शेंड्यावरच राहिले, आणि पायथ्याशी येऊन म्हणाल्या, "मीच ते बाळ आहे. मला घे."

राणीसाहेब उठावयास गेल्या तो पडून पडून कंबर लाकूड जाहलेली. तरी कण्हत उठल्या, लुगडे सोडिले आणि त्याच सांजेस नीलांबरीबाई नामे फिजिओकडे कूच केले. बाईंनी चालविले, वाकविले, पाय बधिर होतात काय, लघवीवरचा ताबा जातो काय, ताप आहे काय, सर्व पुसले. काही नव्हते. मग म्हणाल्या, "मोडलं काही नाही. स्नायू घाबरून आवळलेत, आणि तुम्ही त्यांना झोपवून आणखी भित्रं केलंत. चालायला लागा." आणि सांगितले की शेक बरा वाटत असेल तर खुशाल घ्या, तसबिरीची तूर्त गरज नाही, परंतु पाय बधिर जाहले वा ताबा सुटला तर त्याच घटकेस इस्पितळ गाठा. आणि उचलताना गुडघ्यांत वाकावे, लेकरू छातीशी धरावे, वळत वळत उचलू नये, कडेवर घेण्याची बाजूही बदलीत जावी, हे दोनदा करवून घेतले.

मग अंगणात फेऱ्या सुरू जाहल्या. हे नवे थेर काय म्हणोन थोरल्या बाईसाहेब पहाऱ्यास सोबत निघाल्या, त्या एके दिवशी चालता चालता हळूच बोलल्या, "माझीपण दुखते गं. हा झाला तेव्हापासून. मला कुणी विचारलंच नाही." राणीसाहेबांनी त्यांचा हात धरिला, आणि पुढे दोघी मिळून फेऱ्या घालीत, वाटेत राजांची निंदा करीत, त्याणेही कंबरेस पुष्कळ उतार पडला.

मग एके सांजेस राणीसाहेब गुडघ्यांत वाकल्या, गार्गीबाईंस छातीशी धरिले आणि उठल्या. उजवे कडेवर घेतले. ह्या बाजूने घर उलटे दिसते ऐसी गार्गीबाईंनी तक्रार केली, परंतु गळ्याची मिठी सोडिली नाही.

एवंच, कंबर रुसली तर पडून राहू नये, तिला हळूहळू फिरवून आणावे, आणि घरात आणखी कोणाची दुखते तेही पुसावे. येणेप्रमाणे फत्ते जाहली. थोरल्या बाईसाहेब नातीकडे पाहून सुनेस सहज बोलल्या की घे बाई घेतेस तोवर, एक दिवस शेवटचं घेशील आणि तुला कळायचंही नाही. त्यावर गार्गीबाईंनी मान वर करोन आईस पुसले,

"शेवटचं कधी घेणारेस? आधी सांग हं. मी झोपणार नाही."