परीक्षेला बसलेले बाबा

"बाबा, इथे साइन कर," अनिका म्हणाली. ऑफिसात पाइपलाइनच्या करारातला प्रत्येक स्वल्पविराम तपासणाऱ्या देवदत्तने काही न वाचता सही ठोकली. कारण कागदाच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'कलाकार: देवदत्त'.

अनिका त्यांच्या शुगर लँड या अमेरिकी गावात हान बाईंकडे सोळा तारांचं व्हिएतनामी वाद्य शिकत होती. हान बाई सायगॉनच्या संगीत विद्यालयात शिकलेल्या. नुसतं वाजवता येऊन पोट भरत नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे त्या बुकिंग, करार, माइक, प्रेक्षक असं सगळंच शिकवत. यंदाच्या परीक्षेत प्रत्येकाने एक खराखुरा कलाकार स्टेजवर आणायचा होता.

"आणि तुला मीच सुचलो!" देवदत्तला भरून आलं. मंडळाच्या गणपतीत तो पंधरा वर्षं गात होता आणि तो गायला लागला की लोक जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहत.

"बाकी कोणी फ्री नव्हतं," अनिका म्हणाली.

त्याच्या बायकोने, आश्लेषाने, मात्र करार वाचला. "अरे, यात व्हिएतनामी गाणं लिहिलंय! त्यांच्या कम्युनिटी हॉलमध्ये, तीनशे माणसांसमोर!"

"एकच ना? करतो पाठ."

गाणं आईवरचं होतं. हान बाईंनी बजावलं, "'मा' म्हणताना आवाज वर न्या, म्हणजे आई. सपाट ठेवलात तर भूत. मध्येच हेलकावा दिलात तर घोडा, नाहीतर थडगं."

"सो नो हरकती, नो ताना, बाबा. प्लीज," अनिका म्हणाली.

तीन आठवडे देवदत्त ऑफिसला जाता-येता गाडीत 'मा' घोकत होता.

कार्यक्रमात पहिली ओळ त्याने अचूक म्हटली. पुढच्या रांगेतल्या आजींनी डोळे पुसले आणि तिथेच घात झाला. देवदत्तला चेव आला. दुसऱ्या वेळी त्याने छोटीशी मींड घेतली. 'मा' आईपासून निघाला, घोड्यावर बसला, थडग्यावरून गेला आणि भुतापाशी जाऊन थांबला. आजी फिसकन हसल्या. मग अख्खा हॉल हसला. एवढी दाद देवदत्तला जन्मात मिळाली नव्हती. विंगेतून अनिका दोन्ही हात हलवत होती. त्याला वाटलं, 'आणखी' म्हणतेय. त्याने तान घेतली. एका आजोबांना पाणी द्यावं लागलं.

तो खाली उतरला तेव्हा अनिकाच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबा, यू सँग, 'हे भुता, मला कुशीत घे!' आय ॲम गोइंग टू फेल."

देवदत्तचा चेहरा उतरला. समोरून हान बाई येताना दिसल्या, तसा तो पुढे गेला. "मॅडम, चूक माझी आहे. पोरीचे मार्क कापू नका."

"कापू कशाला?" हान बाईंना अजून हसू आवरत नव्हतं. "तीन लग्नांची बोलावणी आलीत तुम्हाला, कॉमेडियन म्हणून. कलाकाराला मागणी आणणं हेच तर तिचं काम होतं. पहिली आलीय ती."

"कॉमेडियन?" देवदत्त ताठ झाला. "मी शास्त्रीय गातो. अनिका, नाही म्हणून कळव त्यांना."

गाडी हायवेला लागल्यावर देवदत्तने घसा साफ केला.

"त्यातलं पहिलं लग्न शनिवारी आहे की रविवारी?"