कोपऱ्यातलं ताट

बायको गेल्यावर शिंपीकाका चहात बिस्किटं बुडवून दिवस ढकलू लागले. दूरच्या गावी नर्स असलेल्या लेकीला ते कळलं, तसं तिने फोनवरच फर्मान काढलं, "बाबा, रोज जेवणाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा. नाही आला, तर नोकरी सोडून येईन मी."

लेकीची नोकरी वाचवायची म्हणून काकांनी भात शिजवला आणि फोटो टाकला. त्यांच्या मोठ्या बहिणीने लगेच लिहिलं, "हे जेवण आहे की शिक्षा?"

काकांना ते लागलं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतून दिलेला माणूस तो. दुसऱ्या दिवशी टोमॅटोच्या चकत्या अशा कापल्या, की एक जाड नाही, एक पातळ नाही. मग ग्रुपवर इतरांनी टाकलेले फोटो बघून बघून वाटाण्याचं सूप आलं, भाजलेले बटाटे आले. ग्रुपवर लाइकच्या अंगठ्यांचा ढीग पडू लागला. आणि काका नुसते जेवू लागले नाहीत, तर विजारीला कमरेत जास्तीचं कापड म्हणून ठेवलेली माया त्यांना दोनदा उसवावी लागली.

एका रविवारी बहिणीने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. कोपऱ्यात दुसरं ताट होतं. भरलेलं. शेजारी पाण्याचा पेला.

तिने फोनच लावला. "कोण आहे ती?"

"कोण ती?"

"साळसूदपणा करू नकोस! अजून वर्षसुद्धा झालं नाही रे!"

"ताई, भाजी करपतेय," म्हणून काकांनी फोन ठेवला. ते फार महागात पडलं. संध्याकाळपर्यंत नातेवाइकांनी त्या बाईला रंग, वय आणि एक घटस्फोटही देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी लेक दारात उभी. चपला न काढताच तिने न्हाणीघर पाहिलं, कपाट उघडलं. आत आईचेच कपडे होते, घड्याही आईच्याच. टेबलावर दोन ताटं वाफाळत होती.

"बाबा, खरं सांगा. हे कुणासाठी?"

काका पुसलेलं टेबल पुन्हा पुसू लागले. "हात जातो गं. इतकी वर्षं दोन वाढली. एक उचलायला गेलो, की कुणाला तरी भरल्या ताटावरून उठवल्यासारखं वाटतं."

"मग ते खातं कोण?"

"मीच. तुझ्या आईला अन्न टाकलेलं चालायचं नाही ना."

लेकीला हसू फुटलं, पण ते ओठांवरच मोडलं. ती मांडणीवरून तिसरं ताट घेऊन आली. "मला यात वाढा."

काका वाढत होते, तेवढ्यात तिचा फोन वाजला. आत्याचा मेसेज: "पोचलीस? दिसली का ती?"

लेकीने लिहिलं, "हो आत्या. बाबा एकटे नाहीत. आता कुणी त्यांना काही विचारू नका."

"काय कळवलंस गं?" काकांनी विचारलं.

"खरं तेच. जेवा आता, निवतंय," म्हणून तिने फोन पालथा घातला आणि मान खाली घालून पहिला घास घेतला.