दुसऱ्याच्या लेकीची पोटगी

"तीस वर्षं बेकरी चालवतेय. सरकारकडे माझा एक कागद उशिरा गेल्याचं दाखवा, नाव बदलीन!" एउलालियाबाई छातीठोकपणे सांगत.

त्या काळी आमच्या सॅन अँटोनियोत नवा कायदा आला होता. नवा माणूस कामावर घेतला की मालकाने त्याचं नाव सरकारला कळवायचं. बायकापोरं टाकून पळालेले बाप त्यातून सापडत. बाईंनी नव्या भट्टीवाल्याचं नाव त्याच दिवशी कळवलं: दारियो किंतानिया.

पंचाईत एवढीच, की भट्टीवाला दारियो नव्हताच! तो होता एर्मेनेहिल्दो. सीमा चोरून ओलांडून आलेला. काम मिळावं म्हणून कुणा खऱ्या दारियोच्या नावाचं सरकारी कार्ड त्याने विकत घेतलं होतं. हे फुटलं तर इमिग्रेशनवाले बायकोमुलांदेखत उचलून सीमेपार टाकतील, या धास्तीने तो झोपेतसुद्धा दारियो म्हणूनच घोरत असे.

महिन्याभरात हुकूम आला: दारियोच्या पगारातून त्याच्या मुलीची पोटगी कापा.

एउलालियाबाई लाटणं घेऊनच भट्टीपाशी आल्या.

"मेल्या, पोटची पोर टाकून आलास? नाव तरी आठवतंय तिचं?"

"मा... मारिया?"

"यारित्सा! अरे, बाप आहेस की वाटसरू?"

दुकानातल्या बायकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. पगार कापला गेला तसं घरी राजम्याचं पातेलं निम्मं झालं. तो पैसे कापू देत राहिला. मुलगी माझी नाही म्हणायचं, तर दारियोही मी नाही, हे सांगावं लागलं असतं!

एवढ्यावर थांबतील तर त्या बाई कसल्या! हुकुमात मुलीच्या आईचंही नाव होतं. चर्चमध्ये विचारत विचारत त्यांनी तिला गाठलं आणि रविवारी लेकीसकट बेकरीत बोलावलं. नवऱ्याने सगळ्यांसमोर माफी मागावी म्हणून!

मुलीची आई ग्रिसेल्दा लेकीला घेऊन आली. एर्मेनेहिल्दोने गोड पावांचा ट्रे तोंडासमोर धरला. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. तोंड उघडलं. तिच्या एका शब्दावर त्याचं सगळं घर टांगलेलं होतं.

"बघतेस काय गं? हाच ना तो?" बाई गरजल्या.

ग्रिसेल्दाची नजर लेकीच्या पायांतल्या, पोटगीतून आलेल्या नव्याकोऱ्या बुटांवर गेली.

"हाच," ती म्हणाली. "वाळलाय जरा."

"मग खांबासारखा उभा काय राहिलास? पोरीला जवळ घे!"

त्याने यारित्साला उचललं. तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"तुम्ही माझे बाबा नाही. बाबांचा फोटो आहे आमच्याकडे."

तो तिला घेऊन भट्टीकडे वळला. "सांगणार आहेस सगळ्यांना?"

"आई हाच म्हणाली ना!" पोर आणखी जवळ सरकली. "तुमचं खरं नाव काय?"

किती दिवसांत ते नाव त्याने घराबाहेर उच्चारलं नव्हतं. अगदी हळू म्हणाला, "एर्मेनेहिल्दो."

"अगं आई गं, केवढं लांब!" यारित्सा कुजबुजली. "त्यापेक्षा बाबाच म्हणते."