चोविसावा शुभेच्छुक

शिडीच्या वरच्या पायरीवर बजरंग मुकादम हातात कटर धरून थांबला, तसे खाली टेम्पोला टेकून उभे असलेले सहादेव ठुबे चिडले.

“काय रे, मुहूर्त बघतोयस का? काप दोरी.”

“साहेब, हे बी काढायचं व्हय?”

“बजरंग, सव्वीस वर्षं काढली मी या अतिक्रमण विभागात. हे काढायचं नि ते ठेवायचं, असं कधी केलंय मी?”

“न्हाई, तसं न्हाई. पर याच्यात तुमी हाय की.”

ठुब्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. वीस फुटी फ्लेक्सच्या मधोमध सोन्याचा मुकुट घातलेला पांढराशुभ्र बैल उभा होता. त्याच्या पाठीमागे विजा कडाडत होत्या. वर लिहिलं होतं, ‘घाटाचा राजा, शर्यतीचा बादशहा तुफान यांस वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा’. खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा. तिसऱ्या रांगेत अगदी टोकाला काळा गॉगल लावलेले, कुठल्याशा सहलीत समुद्राकडे पाठ करून हसणारे, मा. सहादेवभाऊ ठुबे.

“बैलाला?” ठुबे म्हणाले. “मी बैलाला शुभेच्छा दिल्या?”

“बैल लई गुनी हाय साहेब. मागल्या शर्यतीत पयला आला,” बजरंग वरून समजूत घालत म्हणाला. “तुमच्यापुरता चौकोन कापून देऊ का? कुनाला कळायचं न्हाई.”

“पुरावा नष्ट करतोस? खाली घे सगळं. आणि पंचनाम्यात सगळे चेहरे मोज.”

बजरंगने मोजले. चोवीस भरले, बैल सोडून.

ठुब्यांचा संताप समजून घ्यायचा तर हा फ्लेक्स जिथे लागला होता तो नाका आधी बघायला हवा. एके काळी तिथून संध्याकाळी डोंगराची निळी कड दिसायची, तिच्यावर गुरांच्या पायाची धूळ सोन्यासारखी तरंगायची. आता त्या जागी दर आठवड्याला कुणाच्या तरी मिशा उगवत. फ्लेक्स काढला की उत्सवमूर्ती म्हणणार, ‘मला ठाऊकच नाही, पोरांनी हौसेनं लावलं.’ वर्षानुवर्षं हे ऐकून कान किटले तेव्हा ठुब्यांनी स्वतः खपून एक ठराव तयार केला आणि नगरपरिषदेकडून मंजूर करून घेतला. फ्लेक्सवर ज्याचा ज्याचा चेहरा, त्या प्रत्येकाला नोटीस. सुनावणीला हजर राहायचं, दोषी ठरल्यास हमीपत्र लिहून द्यायचं. फोटो आपण दिलाच नाही असं कुणाचं म्हणणं असेल, तर ज्यानं दिला त्याचं नाव सांगायचं. मग नोटीस त्याच्यावर. या ठरावाचा ठुब्यांना लेकरासारखा लळा होता. आणि या माणसाचा स्वतःचा फोटो आजवर एकाही खांबावर चढलेला नव्हता. वडील गेले तेव्हा भावकीनं श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला घेतला होता, तोही त्यांनी थांबवला होता.

ते तडक मुख्याधिकारी लीना मॅडमच्या दालनात गेले.

“मॅडम, तेवीस नोटिसा तयार आहेत. चोविसावी माझ्या नावाची आहे.”

मॅडमनी मान वर केली. “मग काढा.”

“काढतो. पण सही माझी, नोटीस मला, पोच मी देणार. आणि सुनावणीही मीच घ्यायची? हे कुठल्या न्यायात बसतं? ती तेवढी तुम्ही घ्या.”

“ठुबे, ठराव तुमचा. ‘सुनावणी अतिक्रमण विभागप्रमुखच घेतील’, यातला ‘च’सुद्धा तुमचा. मी तुमची घेतली तर उरलेले तेवीस म्हणतील, आम्हालाही दुसरा साहेब द्या.”

ठुब्यांनी आपल्याच ‘च’कडे खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं आणि नोटीस घेऊन बाहेर पडले. पोचवहीत त्यांनी सही केली, ‘मिळाली’ असं लिहिलं आणि खाली वेळ टाकली.

फ्लेक्स छापणारा धवल दुकानाच्या दारातच उभा होता. साहेबांचा चेहरा बघून त्यानं आत जाऊन दोन खुर्च्या पुसल्या.

“माझा फोटो तुला कुणी दिला?”

“साहेब, मी फक्त छापतो. भीमाभाऊंनी सगळे फोटो एकदम मोबाईलवर पाठवले. तुमचा अंधूक होता, मी उजळून घेतला. गालावर थोडं काम केलंय.”

“गालावर काम करायला तुला कुणी सांगितलं?”

“ते आम्ही सगळ्यांचंच करतो. बैलाचं पण केलंय.”

भीमा हा ठुब्यांच्याच गावचा. रोज पहाटे शहरात दूध घालायचा, त्यात ठुब्यांच्या घरीही. ठुबे त्याच्या वस्तीवर पोहोचले तेव्हा तो तुफानला न्हाऊ घालत होता. बैलाच्या अंगावरून पाणी चांदीसारखं ओघळत होतं आणि गळ्यातलं घुंगरू मधूनच पुटपुटत होतं. ठुब्यांना ते सौंदर्यही त्या क्षणी बेकायदा वाटलं.

“भीमा, माझा फोटो कुणी दिला?”

“बसा की साहेब. च्या टाकाय सांगतो.”

“चहा नको. नाव सांग.”

“ते नगा इचारू.”

“सरकारी चौकशी आहे ही.”

“मग तर मुळीच नगा इचारू.” भीमा बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. “तुमी असं करा, घरी जावा आन् आईस्नी इचारा.”

बनुबाई ओट्याशी शेंगा फोडत बसल्या होत्या. लेकाचे पाय वाजले तसं त्यांनी मान वर न करताच विचारलं, “काढला का रं त्यो फोटू?”

“म्हणजे तूच दिलास?”

“तुझ्या संस्कृतीच्या मोबाईलवरनं पाठवला भीमाला. ती नगं म्हनत हुती. मीच म्हनलं, तुझ्या बापाला म्या सांगते.”

“कधी सांगणार होतीस?”

“लागल्यावर. आदी सांगितलं असतं तर तू लावू दिला असतास का?”

ठुबे भिंतीला टेकून खाली बसले. “आई, सगळ्या गावाला मी नोटिसा देतो. आता मीच मला नोटीस दिलीय. काय अवदसा आठवली तुला?”

बनुबाईंनी एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले.

“दवाखान्याला जाते मी रिक्षानं. नाक्यावर समद्यांची पोरं दिसत्यात. शेजारच्या गंगूचा धाकटा, ज्याला कुनी पोरगी देत न्हाई, त्यो बी गॉगल लावून हसतोय. गंगू इचारती, तुझा येवढा साहेब हाय म्हनं, मग कुठं दिसंना? काय सांगू मी तिला?” आणि मग बोलायचं सोडून त्या गुणगुणल्या, अगदी सहज, शेंगा फुटण्याच्या ठेक्यावर:

“नाक्याच्या खांबावरी कुनाकुनाचं गं बाळ,
माझ्या सहादेवाविना रितं दिसतंया आभाळ.”

“आई, ओव्या नकोत.”

“बरं. आज दुपारी गंगूला घिऊन बगाया जानार हुते. तू सकाळीच काढलास. पयल्या दिशी.” त्यांनी फोलपटं बाजूला सारली. “त्या नोटिशीत माजं नाव घाल. म्या दिलाय, म्या सांगते तितं येऊन.”

“गप्प बस. तुला कोण बोलावतंय.”

ठुबे संतापानं जेवले. म्हणजे जेवले, पण संतापानं.

सुनावणीला चोवीसच्या चोवीस हजर होते. ठुब्यांच्या टेबलावर एक रबरी शिक्का होता, खास करून घेतलेला: ‘सबब अमान्य’. गेले दोन महिने त्याची शाई वाळली नव्हती. पहिला उठला करण, नाक्यावरचा मोबाईल दुरुस्तीवाला.

“साहेब, मला न विचारता माझा फोटो टाकला. मला काहीच माहीत नव्हतं.”

“कुणी दिला?”

“ते नाही सांगता येणार.”

शिक्का बसला. दुसरा उठला, तोही हेच म्हणाला. तिसरा, चौथा, अकरावा. कुणालाच ठाऊक नव्हतं, कुणीच नाव सांगत नव्हतं. भीमाला विचारलं तर तो म्हणाला, “फोटू लई आले साहेब. कुनाचा कुनी पाठवला, मला आठवत न्हाई.” ठुब्यांचा आवाज दर सबबीला चढत गेला.

“शहर म्हणजे काय तुमची फोटोची वही आहे? मोठी माणसं तुम्ही, आणि लहान पोरासारखं ‘मी नाही, मी नाही’? निदान एकानं तरी खरं बोला.”

तेविसावा शिक्का बसला. सगळे ठुब्यांकडे बघत होते.

“साहेब,” करण नम्रपणे म्हणाला, “शेवटचा नंबर राहिलाय.”

ठुबे उठले. टेबलाला वळसा घालून पलीकडे जाऊन उभे राहिले, जिथे बाकीचे उभे राहिले होते. ही पद्धत त्यांनीच घालून दिली होती. त्यांनी खिशातला लेखी जबाब काढला आणि वाचू लागले, “माझा फोटो माझ्या नकळत, मला न विचारता सदर फलकावर...”

मागे कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मग सगळेच खोकले.

“हसण्यासारखं काय आहे? माझं खरं आहे.”

“आमचं बी खरंच हुतं की,” मागून कुणीतरी म्हणालं. चिडून नव्हे, नुसतंच सांगितल्यासारखं.

ठुब्यांनी वळून पाहिलं. तेवीस माणसं. कुणी बुटाकडे बघत होतं, कुणी पंख्याकडे. त्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी शेंगा फोडत, भाकरी थापत किंवा रिक्षातून मान बाहेर काढून बसलेलं असणार, आणि त्याचं नाव कुणी घेतलेलं नव्हतं. ही गोष्ट ठुब्यांना दोन महिन्यांत एकदाही सुचली नव्हती. तिचाही त्यांना राग आला.

“फोटो कुणी दिला, साहेब?” करणनं विचारलं. “तेवढं नाव सांगा, सुटाल. ठरावात तसं लिहिलंय.”

भीमानं मान खाली घातली.

ठुबे टेबलाला पुन्हा वळसा घालून खुर्चीत बसले. समोरच्या रिकाम्या जागेकडे त्यांनी डोळे वटारले. “नाव सांगता येणार नाही म्हणता? मग सबब अमान्य,” ते त्या जागेला म्हणाले आणि स्वतःच्या कागदावर शिक्का असा हाणला की शाईचे शिंतोडे भीमाच्या टोपीवर उडाले. मग त्यांनी सर्वांत आधी आपलं हमीपत्र लिहिलं. बाकीच्यांनी रांग लावली.

खरं तर इथे हे प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी लीना मॅडम प्रसन्न होत्या.

“ठुबे, गावभर तुमचीच चर्चा आहे. स्वतःलाही सोडलं नाही म्हणे. दोषींची यादी मी फोटोंसह फाटकावर लावायला सांगितलीय. चांगला संदेश जाईल.”

“फोटोंसह? मॅडम, ज्या गुन्ह्यासाठी यांना दोषी धरलं तोच...”

“आस्थापना विभागानं काम दिलंयसुद्धा. धवल डिजिटलला.”

शुक्रवारी सकाळी ठुबे कचेरीला आले तेव्हा फाटकावर बारा फुटांचा फ्लेक्स फडफडत होता. ‘शहर विद्रूप करणारे’, खाली चोवीस चेहरे. तेविसांचे फोटो बैलाच्याच फ्लेक्सवरून उचललेले होते. पण अधिकाऱ्याला गॉगल शोभत नाही असं आस्थापनेच्या लिपिकाला वाटलं, म्हणून त्यानं ठुब्यांचा फोटो सेवापुस्तकातून काढून दिला होता. सव्वीस वर्षांपूर्वीचा. देठासारखी मान, कोवळी मिशी, आणि जग आपण एकट्यानं सरळ करू अशा विश्वासानं उघडे ठेवलेले दोन मोठे डोळे.

त्या फोटोखाली, भीमाच्या दुधाच्या टेम्पोतून उतरून, बनुबाई उभ्या होत्या. शेजारी गंगू होती.

“आई, तू इथं कशाला आलीस?”

“ह्यो नोकरीला लागला तवाचा हाय गं,” बनुबाई गंगूला सांगत होत्या. “ट्रेनिंगला नगरला हुता, मेसचं जेवायचा. लई वाळला हुता. रविवारी घरी आला की म्या ताकभाकरी कुस्करून द्यायची, तर उभ्या उभ्या खायचा, परत एष्टी चुकंल म्हनून.”

“आई, वर काय लिहिलंय ते वाचलंस का?”

“वाचलं की. साक्षरतेच्या वर्गाला गेल्ते मी. लिहिनारा लिहितो काय बी.” त्यांनी पदरानं डोळ्यांवर उन्हाला आडोसा धरला. “गंगे, तुझ्या धाकट्याचा खालच्या रांगंत हाय बग. माज्याचा वर हाय.”

तेवढ्यात रोजच्या फेरीचा टेम्पो फाटकाशी थांबला. बजरंग शिडी घेऊन उतरला, फ्लेक्सचे चारही कोपरे नीट बघून साहेबांच्या कानाशी आला.

“साहेब, याला परवानगी कुनी दिलीया?”

ठुब्यांनी पाहिलं. परवानगीचा क्रमांक कुठेच नव्हता. परवानगी त्यांच्याच विभागातून मिळते, आणि त्यांच्याकडे कुणीही अर्ज केलेला नव्हता. बारा फुटांचा, रस्त्यावर आलेला, संपूर्ण बेकायदा फलक. सव्वीस वर्षांचा संताप त्यांच्या घशापर्यंत आला.

“शिडी लावू?” बजरंगनं विचारलं.

पलीकडे बनुबाई गंगूला सांगत होत्या की मिशी तेव्हा नुकतीच फुटली होती.

“आधी नोटीस काढावी लागेल,” ठुबे म्हणाले.

“कुनाला?”

“नगरपरिषदेला. सात दिवसांची मुदत असते.”

“आजवर आपन कुनाला सात दिवस दिलं न्हाईत साहेब.”

“कायद्यात आहेत.”

“सात दिस हाय व्हय हे?” बनुबाईंनी ऐकलं होतं. “मग सोमवारी तुझ्या मावशीला आनते. तिचा गुडगा दुखतोय, पन यील.”

बजरंग शिडी पुन्हा टेम्पोत चढवू लागला. ठुबे फाटकाकडे न बघता, कुणावर तरी चिडल्यासारखे म्हणाले, “आणि कुणाचा रीतसर अर्ज आला, तर मुदत वाढवूनही देता येते.”