फणसाला शिकवलेले झेंडे

आमच्या शेजारचे दामूअण्णा मुलांना कागदी झेंडे करायला शिकवत, ते मुलांकडे पाठ फिरवून. मुलं आमच्या ओटीवर बसायची आणि दामूअण्णा दोन घरांमधल्या गडग्यावर, आपल्या परसातल्या फणसाकडे तोंड करून. बोलायचेही फणसाशीच.

"फणसा, कागद आधी उभा दुमडावा. घडीवरून नख फिरवावं. खळ बोटाने लावू नये, चिंधीने लावावी."

मागे ओटीवर माझी मुलं निमूट कागद दुमडायची, नख फिरवायची आणि चिंधी मागायला माझ्याकडे यायची. फणस आपला उभा.

दामूअण्णा इथल्या कचेरीत नकलनवीस होते. म्हणजे सरकारचे नोकर, आणि पेन्शनीला थोडीच वर्षं उरलेली. ते दिवस असे, की चरख्याचा तिरंगी झेंडा हातात दिसला तर मोठ्या माणसाला धरून नेत. तेव्हा सरकारी नोकराने झेंडे शिकवायचे म्हणजे कठीणच. त्यातून दामूअण्णांना खोटं बोलता येत नसे. म्हणून त्यांनी ही युक्ती काढली होती. जे डोळ्यांनी पाहिलंच नाही त्याबद्दल कुणी विचारलं तर "माझ्या समक्ष काही झालेलं नाही" असं छातीवर हात ठेवून सांगता येतं. फणसाशी बोलू नये असा काही सरकारी नियम नव्हता. त्यांनी नियमांचं पुस्तक त्यासाठी दोनदा पाहिलं होतं.

त्यांचा खरेपणा साऱ्या आळीला ठाऊक होता आणि आळी त्याला भिऊन असे. एकदा कचेरीत नकलेला आलेल्या कागदावर शाईचा डाग होता. दामूअण्णांनी नकलेत त्याच जागी, त्याच आकाराचा डाग पाडला. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "खाली 'खरी नक्कल' असं लिहून मी सही करतो. डाग वगळला तर ती खरी कशी?" साहेबांनी डागासकट नक्कल पुढे पाठवली.

माझ्या सासूबाई त्यांना दर उन्हाळ्यात फणसाची सांदणं पाठवत. एका वर्षी त्यांनी वाटी परत करताना सांगितलं, "सांदणं चिवट झाली होती. तीन खाल्ली, दोन गाईला घातली." सासूबाई महिनाभर त्यांच्याकडे बघत नव्हत्या. "मेल्याला साधं खोटं बोलता येत नाही, मग येतं तरी काय?" असं त्या गडग्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या. पुढच्या उन्हाळ्यात मात्र पुन्हा पाच सांदणं गेली. एकटा माणूस. बायको जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सकाळी स्वतः पेज शिजवायची आणि कचेरीत जायचं.

झेंड्यांची सुरुवात माझ्यामुळे झाली. आमचे हे मुंबईला एका पेढीवर होते. शिमग्याला आणि गणपतीला तेवढे यायचे. एका वर्षी त्यांनी पत्रात लिहिलं, की जानेवारीत सगळीकडे झेंड्याचा दिवस पाळतात, तर आपल्या मुलांकडून घरीच काहीतरी करून घे. काहीतरी म्हणजे काय, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. मी बाळूच्या जुन्या वहीची कोरी पानं काढली. केशरी रंगासाठी हळदीत कुंकू कालवलं, हिरव्यासाठी हळदीत नीळ. बाळू सात वर्षांचा, शकू पाचाची. अर्ध्या तासात दोघांचे चेहरे रंगले, पण कागद काही रंगला नाही. खळीत गुठळ्या, पट्टे एकमेकांत ओघळलेले.

दामूअण्णा गडग्यापलीकडून हे पाहत होते. त्यांच्या जिवाची नुसती तगमग. शेवटी ते वळले आणि फणसाला म्हणाले, "खळ करताना पीठ आधी गार पाण्यात कालवावं लागतं, फणसा. तुला कुणी सांगितलं नाही का?"

मी गार पाणी आणायला आत गेले.

तेव्हापासून दर जानेवारीत फणसाची शाळा भरू लागली. आळीतली आणखी सहा-सात मुलं यायला लागली. झेंड्यांना काठ्या म्हणून माडाच्या झावळीचे हीर, पताकांना दोरी म्हणून केळीचं सोपट, खळीला मोरचूद, म्हणजे झुरळं खाणार नाहीत. दामूअण्णांचं माप कडक. तिन्ही पट्टे सारखे हवेत. "मधला पट्टा जाड झालाय का, फणसा?" असं ते पाठमोरे विचारायचे आणि ज्याचा झाला असेल तो कागद गुपचूप पाठीमागे लपवायचा. त्यांना दिसत नाही, हे मुलांना कितीदा सांगूनही पटत नसे.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत वीस झेंडे होऊन वाळत पडले होते. राहिला होता एकट्या शकूचा. तिला चरखा काढता येईना. निळीच्या पाण्यात काडी बुडवून तिने तीनदा काढला आणि तिन्ही वेळा चाकाचा खेकडा झाला. बाळू म्हणाला, "हिच्या झेंड्यावर कुर्ली, नांग्यासकट." सगळी मुलं हसली.

दामूअण्णांनी फणसाला सांगितलं, की आधी चाक काढावं, मग आरे. शकूने काडी खाली ठेवली. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिने काडी उचललीच नाही. मग त्यांना तिचं मुसमुसणं ऐकू आलं.

मी तिच्याकडे निघाले होते, तेवढ्यात दामूअण्णा गडग्यावरून उतरले आणि सरळ आमच्या ओटीवर आले. सगळी मुलं त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांना समोरून आलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. ते शकूजवळ मांडी घालून बसले, तिचा हात आपल्या हातात धरला आणि सावकाश चाक काढलं. आठ आरे, चाती, खाली पाट. नकलनविसाचा हात तो. असा चरखा मी छापील झेंड्यावरही पाहिला नव्हता. मग दोघांनी मिळून हीर चिकटवला.

शकूने नाक पुसलं आणि हसली. दामूअण्णा उठले, धोतर झटकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा मात्र समक्ष झाला."

मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं.

सकाळी मुलांनी झेंडे घेऊन आळीतून फेरी काढली. टोकाला फौजदार भेटला. नवाच आला होता, घाटावरचा. त्याने मुलांना काही केलं नाही, पण झेंडे काढून घेतले आणि कुणी शिकवलं म्हणून विचारलं. बाळूने खरं ते सांगितलं. शिकवलं कुणालाच नाही, दामूअण्णांनी फणसाला शिकवलं.

फौजदार दोन शिपाई घेऊन आमच्या दारात आला. मी पदर सावरून पुढे झाले आणि सांगितलं, की झेंडे माझ्या घरात, माझ्या हळदीकुंकवाने आणि माझ्या सांगण्यावरून झाले. त्याला ते बरं वाटलं असावं. बाईमाणूस, पोरंटोरं, दटावून विषय मिटवता आला असता. दामूअण्णा कचेरीत जायला निघाले होते, डोक्याला पागोटं, हातात छत्री. फौजदार जाता जाता त्यांना म्हणाला, "तुम्ही सरकारी नोकर. तुमच्या समोर तर असलं काही झालं नसेल?"

एका शब्दात सुटका होती. मी डोळ्यांनी त्यांना खुणावत होते. शकू माझ्या लुगड्याला धरून उभी होती.

दामूअण्णांनी शिपायाच्या हातातली झेंड्यांची मोळी पाहिली. म्हणाले, "वीस माझ्या समक्ष झालेले नाहीत. एक झाला. त्यावरचा चरखा मी काढलाय." आणि बोट करून कोणता तेही दाखवलं.

फौजदाराने शिपायांकडे पाहिलं. शिपायांनी फणसाकडे पाहिलं. दोघांच्या देखत कबुली झाली, आता त्यालाही गप्प बसता येईना.

नोकरी गेली नाही, एवढं साहेबांनी सांभाळलं. पण महिन्याच्या आत गुहागरला बदली झाली. त्या हुकमाची नक्कल करायला कागद आला तो दामूअण्णांच्याच टेबलावर. हुकमात त्यांचं आडनाव चुकलं होतं. त्यांनी ते तसंच उतरवलं आणि खाली 'खरी नक्कल' म्हणून सही केली.

बोट दुपारची होती. दाभोळला उतरायचं आणि तरीने खाडी ओलांडून पुढे गुहागर. सकाळी मी त्यांच्या वळकटीला दोरी बांधू लागले. रागच आला होता मला. म्हटलं, "अण्णा, एक 'नाही' म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं? फौजदार स्वतःच वाट करून देत होता. खरेपणाला काही मर्यादा?"

त्यांनी दोरीचं दुसरं टोक माझ्याकडे सरकवलं.

"खरेपणाचं नाही हो, वैनी. शकू तिथे उभी होती. तिचा एवढा चांगला झालेला झेंडा. तिच्यासमोर मी त्याला ओळखत नाही म्हणू?" मग म्हणाले, "पोरं माझ्यासाठी येत नाहीत, मला समजतं. कागदासाठी येतात, रंगासाठी येतात. पण येतात."

मी दुसऱ्या बाजूची गाठ मारत बसले. ती मारून झाली होती, तरी.

बंदरावर आम्ही सगळे गेलो. सासूबाईंनी पोह्यांचा डबा दिला आणि कसे झालेत ते कळवू नका म्हणून बजावलं. बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढायच्या आधी शकूने त्यांना विचारलं, "अण्णा, गुहागरला मुलं आहेत?"

दुसरा कुणीही हो म्हणाला असता. दामूअण्णा विचारात पडले. "मला ठाऊक नाही, बाळ. पाहून कळवतो," म्हणाले आणि पडावात बसले.

पंधरा दिवसांनी शकूच्या नावाने कार्ड आलं. तिच्या आयुष्यातलं पहिलं टपाल. तिला वाचता येत नव्हतं म्हणून मी मोठ्याने वाचलं. सुंदर, टपोरं अक्षर, खाडाखोड नाही.

'चि. शकूस आशीर्वाद. समक्ष पाहून लिहितो, की घराशेजारी मुले तीन आहेत. पैकी एक अद्याप रांगते. सबब काळजी नसावी.'