हात लावेल त्याच्या गळ्यात

सकाळी निघताना तिने पर्समधला स्क्रूड्रायव्हर काढून स्वयंपाकघराच्या खणात टाकला, मग टेस्टर टाकला आणि शेवटी, काळजावर दगड ठेवून, छोटी पक्कडही टाकली. ऑफिसात तिला पक्कडच म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

"आणि वाटेत बिघडलेली लिफ्ट दिसली तर?" नवऱ्याने विचारलं.

"जिना चढेन."

"तू? बंद लिफ्ट बघून नुसती जिना चढशील?"

"डोळे मिटून चढेन. आज कशालाही हात लावायचा नाही म्हणजे नाही."

तिची कंपनी दुसऱ्यांच्या कारखान्यांना, गोदामांना संगणकाची घडी बसवून देई. तिथे दोन जाती होत्या. एक करणारे, दुसरे बोलणारे. करणारे तळमजल्यावर तारांच्या जंजाळात बसत; बोलणारे वर काचेच्या खोलीत क्लायंटसमोर बसत. गेल्या वर्षी तिने रक्ताचं पाणी करून उभी केलेली यंत्रणा वर कुणीतरी दुसऱ्यानेच समजावून सांगितली होती आणि टाळ्यांचा आवाज तिने छताखालून ऐकला होता. तेव्हाच तिने ठरवलं, आता वर जायचं. आपलं काम आपल्या तोंडाने सांगायचं.

वर जाण्याच्या आड एकच कायदा येत होता. क्लायंटच्या जागेत ज्याने यंत्राला हात लावला, ते काम शेवटपर्यंत त्याच्या गळ्यात. हा कायदा तिच्या साहेबांनीच केला होता. ऑफिसात त्यांना 'मधाचं बोट' म्हणत. ते इतक्या निष्ठेने कायदा पाळत, की क्लायंटकडे पंख्याचं बटणसुद्धा दुसऱ्याला दाबायला लावत.

"आजची मीटिंग तुमची," गाडीत साहेब म्हणाले. "पण एका जरी वायरला हात लागला, तर जन्मभर तळमजला. पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"कबूल," ती म्हणाली.

क्लायंट म्हणजे चपला-बुटांच्या मोठ्या गोदामाचे मालक. गृहस्थ वयस्कर, आवाज खणखणीत, आणि हाताखाली इतकी माणसं की स्वतःच्या हाताला वर्षानुवर्षं काम नव्हतं. सगळे बसले आणि भिंतीवरचा पडदा काही लागेना. तिला मागची वायर सैल झालेली दारातूनच दिसली होती. तिचे हात असे शिवशिवायला लागले, की ती त्यांच्यावरच बसली.

"बाई, जरा बघता का ते?" मालक म्हणाले.

"बघते," असं म्हणून तिने नुसतं बघितलं. मग गोड आवाजात विचारलं, "साहेब, ती मागची काळी वायर तुम्हाला कशी वाटते?"

"मला?" मालक उठले, वाकले, वायर दाबली. पडदा लखकन लागला. मालकांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जसा नातवाला पहिलं पाऊल टाकताना पाहून पसरावा.

"लागलं की हो. मी लावलं."

"तुम्हीच लावलंत," ती म्हणाली आणि बोलायला लागली. छान बोलत होती. पण मालकांचं लक्ष आता पडद्यावर कुठलं? ते गळणाऱ्या एसीकडे बघत होते. "हे कसं करायचं?" त्यांनी मध्येच विचारलं. तिने पुन्हा दोन प्रश्न विचारले, मालक खुर्चीवर चढले, नळी सरळ केली. एसी गळायचा थांबला. मग त्यांना आठवलं, की खाली खोक्यांवर लेबलं तिरकी चिकटतात. कोट काढून ते जिना उतरू लागले.

"ह्यांना आवरा," साहेब तिच्या कानाशी पुटपुटले.

"हात धरून आवरू का?" तिने विचारलं.

लेबलांचं यंत्रही मालकांनी तिच्या प्रश्नांवर सरळ केलं. त्या धावपळीत, जिन्यावर आणि खोक्यांच्या आडून, तिने आपली सगळी योजना त्यांच्या गळी उतरवली. पण मर्कटाला मद्य मिळालं होतं. मालकांनी खोकी वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या खटक्यांचं कपाट उघडलं.

"साहेब, त्याला हात नको," ती म्हणाली.

"ह्याला काय विचारायचं? आता कळलंय मला," म्हणत मालकांनी दोन खटके एकदम ओढले.

पट्टा उलटा फिरला, तोही दुडक्या चालीने. खोकी धडाधड खाली येऊ लागली. टोकाशी मधाचं बोट उभं होतं, नव्या कोऱ्या बुटात. त्यांच्या डाव्या हाताशी लाल बटण होतं. ते तिलाही दिसत होतं. दोन पावलं टाकली असती, एक बोट दाबलं असतं, की पट्टा थांबला असता आणि जन्मभराचा तळमजला पदरात पडला असता. पाठीमागे घट्ट धरलेला तिचा हात सुटला. कायदा गेला खड्ड्यात, माणूस खोक्यांखाली जाईल, असं म्हणून तिने पाऊल उचललंसुद्धा.

तेवढ्यात साहेबांनी बटणावर खाडकन थाप मारली.

पट्टा थांबला. साहेब स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले.

"वा," मालक म्हणाले. "तुम्हाला जमतं की. मग ठरलं. काम तुमच्या कंपनीला. बाई मला समजावतील, आणि तुम्ही रोज इथे येऊन करायचं."

"अहो, मी बोलणारा माणूस आहे," साहेब कळवळले.

"बोलायला बाई आहेत ना. हात तुम्ही लावलात."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. कायदा बदलायचा तर आधी सगळ्या ऑफिसला त्याचं कारण सांगावं लागलं असतं. ते मुकाट्याने कोट काढून कपाटापुढे बसले.

"यात आधी काय करायचं असतं हो?" थोड्या वेळाने कपाटात डोकं घातलेल्या साहेबांचा बारीक आवाज आला.

मालकांनी काळजीने मान उंचावली. "बाई, जमेल ना यांना?"

तिने वर जाण्यासाठी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि हसून त्यांच्याकडे वळली.

"तुम्ही अजिबात काळजी करू नका साहेब. आमचा माणूस बघतोय."