वरचं पाणी, आतलं पाणी

आमच्या शेजारचे बापू चौगुले भर उन्हाळ्यात लोकांच्या गच्चीवर गुलाबी पाणी ओततात. रंगपंचमीचा उरलेला रंग बादलीत कालवायचा, गच्चीच्या पाइपात सोडायचा, आणि लेंगा सावरत धडाधड जिना उतरून रस्त्यावरच्या ड्रेनेजच्या चेंबरपाशी उकिडवं बसायचं. चेंबरात गुलाबी पाणी दिसलं की सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशी आरोळी, "घावलं!"

घावलं म्हणजे काय, तर त्या घराच्या गच्चीचं पावसाचं पाणी रस्त्याकडेच्या गटारीत न जाता संडास-मोरीच्या ड्रेनेजला जोडलेलं आहे. बापू ड्रेनेजच्या कामावर मुकादम होते. रिटायर होऊन सात वर्षं झाली, पण त्यांच्या डोक्यातलं ड्रेनेज काही रिटायर व्हायला तयार नाही. "वरचं पाणी येगळं, आतलं पाणी येगळं," हे त्यांचं पालुपद.

एकदा त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते. पोह्यांच्या बशा फिरल्या. सगळे मुलाची नोकरी, शेती विचारत होते. बापूंनी मुलाच्या बापाला विचारलं, "पावणं, टेरेसचं पाणी कुठं सोडलंय?"

"ड्रेनेजला," तो बिचारा म्हणाला.

"मग आमच्या पोरीनं नांदायचं कसं तिथं?"

लग्न झालं, पण आधी पाइप बदलला.

यंदा पावसाच्या आत बोळातली सगळी पाइपं वेगळी करायची, असं बापूंनी मनावर घेतलं होतं. अकरा घरांनी ऐकलं. राहिलं एकच, आमचं. पाइप हलवायचा तर पोर्चमधलं नवंकोरं ग्रॅनाइट फोडायला लागणार! मी "दिवाळीनंतर बघू" म्हणून टोलवत होतो. सकाळी शिरोलीला कामावर निघताना गाडीला किक मारली की बापू गेटात हजर. "सतीश, फोडतोस न्हवं?"

एक दिवस माझं डोकं सटकलं. "बापू, लई झालं आता! हा पाइप ड्रेनेजला जोडला कुणी? आमच्या आबांनी सांगितलं आणि तुम्हीच जोडलात की!"

मला वाटलं, आता शिव्या बसणार. बापूंनी गेटचा दांडा धरला.

"व्हय, मीच जोडला," ते म्हणाले. "तुमचाच न्हवं, समद्या बोळाची पाइपं. गटार लांब, चेंबर जवळ. लोक म्हणायचे, बापू, दे की जोडून. दिलं जोडून. मोठा पाऊस लागला की आतलं भरून उलटं चढतंय, हे तवा ध्यानातच घेतलं न्हाय. आन चढतंय कुठं? हिराआक्काच्या घरात."

हिराआक्का बोळाच्या उताराला शेवटच्या घरात एकटी राहते. मोठ्या पावसात तिच्या संडासाच्या भांड्यातून सगळ्या बोळाची घाण वर येते. ती भांड्यावर वाळूचं पोतं ठेवते आणि पाय वर घेऊन कॉटवर बसून राहते. पाऊस उघडला की बापू जाऊन तिचं घर फिनेलनं धुऊन देतात, हे आम्हाला माहीत होतं. का देतात, ते त्या दिवशी कळलं.

"ती मला देवमाणूस म्हणत्या, सतीश. ऐकवत न्हाय रं."

मला लाज वाटली, खरंच वाटली. त्याच आठवड्यात मी ग्रॅनाइट फोडलं.

जुलैत असा पाऊस लागला की दोन दिवस थांबायचं नाव नाही. दुपारी बापू मला ओढतच आक्काकडे घेऊन गेले. भांड्यावरचं पोतं बाजूला केलं आणि संडासाच्या दारात स्टूल टाकून आत टक लावून बसले. तास झाला, दोन तास झाले. पाणी चढलं नाही.

"देवमाणूस हाईस बघ, बापू," आक्का म्हणाली.

बापूंना राहवेना. "आक्का, ती पाइपं मीच जोडलती. एवढी वर्सं तुझ्या घरात घाण आली ती माझ्यामुळं."

"मला ठावं हाय की," आक्का म्हणाली. "तू जोडत हुतास तवा उंबऱ्यात बसून बघत हुतो मी. खरं बोललो असतो, तर लाजून तू यायचाच बंद झाला असतास. दुसरं कोण येतंय माझ्याकडं?" तिनं भांड्याकडे बघितलं. "आता पाणी चढत न्हाय. आता येणार न्हाईस व्हय?"

बापूंनी टोपी काढली, डोळे पुसले.

"येतो की, आक्का," ते म्हणाले. "आता नुसताच येतो."